कोरा रकाना

(बी. ए. तृतीय वर्ष)

परीक्षा, निकाल आणि प्रगतिपुस्तक हे तीन शब्द कानावर पडले की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात अजूनही थोडेसे कालवते. १ मे रोजी झेंडावंदन आटोपले की गुरुजी एकेकाचे नाव पुकारीत आणि ते पुठ्ठ्याचे घडीचे पुस्तक हातात ठेवीत. आपण अ-१ आहे की ब-२ एवढेच पाहायचे आणि घराकडे धूम ठोकायची! त्या पुस्तकात उमटलेले एक अक्षर कोठून कोठून फिरून येते, कितीजणांच्या हातांखालून जाते आणि वाटेत त्याचे काय काय होते, याचा विचार त्या वयात कोण करतो?

माझ्या आत्यामुळे मला तो विचार करावा लागला. आत्या वाशी तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा सातवीपर्यंतची, शिक्षक पाच. मला मराठी टंकलेखन आणि एक्सेल बऱ्यापैकी येते, म्हणून गेली तीन वर्षे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या घरी मुक्कामाला जाते. ती वही उघडून आकडे सांगते, मी संगणकात घालते. या कामाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. आपल्यातले पुष्कळजण पुढे शिक्षकच होणार आहेत. त्यांच्या कधीतरी उपयोगी पडतील.

आपण शाळेत होतो तेव्हापासूनच आपले गुण नुसत्या परीक्षेचे नव्हते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. नाव मोठे, पण कल्पना साधी आणि चांगली. मुलाला वर्षातून दोनदा परीक्षेच्या दिवशीच जोखायचे नाही, वर्षभर पाहत राहायचे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने ठरली. वर्षभराच्या पाहण्याला आकारिक म्हणायचे, सत्राच्या अखेरच्या परीक्षेला संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार शंभरात ७०, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. दोन्हींची बेरीज करून श्रेणी द्यायची. शिवाय ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा नोंदी शब्दांत लिहायच्या.

आता हिशेब करून पाहा. पाचवीच्या वर्गात तीस मुले, आठ विषय आणि दोन सत्रे धरली तर ४८० ओळी होतात. प्रत्येक ओळीत साधनांचे रकाने, त्यांची बेरीज, संकलितचे लेखी आणि तोंडी, पुन्हा बेरीज, मग श्रेणी. हे सारे पूर्वी आडव्या रेघांच्या मोठ्या वहीत चाले. हल्ली ते एक्सेलमध्ये चालते. एखाद्या हौशी शिक्षकाने सूत्रे घालून एक फाईल तयार केलेली असते आणि ती एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात प्रसादासारखी वाटली जाते. कोणी बनवली हे कोणास ठाऊक नसते. मुलांची नावे घालायची, गुण घालायचे. बेरजा आणि श्रेण्या आपोआप येतात. ज्याने कोणी ती बनवली, त्याने हजारो शिक्षकांची जागरणे वाचवली असतील यात शंका नाही.

परंतु फाईल एक आणि शिक्षक पाच, येथून गंमत सुरू होते. गणिताचे गुण एकाकडे, इंग्रजीचे दुसऱ्याकडे. व्हॉट्सॲपवर फाईल निघते. गणिताचे सर आपला रकाना भरून ती पाठवतात; तोवर इंग्रजीच्या बाईंनी सकाळच्या प्रतीत आपला रकाना भरलेला असतो. एकीत गणित आहे पण इंग्रजी नाही, दुसरीत इंग्रजी आहे पण गणित नाही. मग ‘निकाल अंतिम’, ‘निकाल अंतिम २’, ‘निकाल शेवटचा’, ‘हाच घ्यावा’ अशी भावंडे जन्माला येतात आणि त्यांतले थोरले कोण, धाकटे कोण, हे ओळखण्यात रात्र सरते. आम्ही शेवटी एक नियम केला. एका वेळी फाईल एकाकडेच राहील, त्याचे भरून झाले की त्याने नावात तारीख घालून पुढे द्यायची आणि मागची प्रत कोणी उघडायची नाही. बैलपोळ्याला मानाच्या बैलाचा क्रम असतो ना, तसा. हा नियम पाळला त्या वर्षी भावंडे जन्मली नाहीत.

याहून वाईट गोष्ट एका शाळेत घडली. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे कोणीतरी मुलांची नावे अकारविल्हे लावण्यासाठी नावांचा एकच रकाना क्रमाने लावला. गुणांचे रकाने जागच्या जागी राहिले. पापणी लवते न लवते तोच साऱ्या वर्गाचे गुण एकमेकांच्या अंगावर गेले. एकूण बेरीज तीच, सरासरी तीच, एकही रकाना रिकामा नाही, कोठे लाल अक्षर नाही. संगणकाच्या दृष्टीने सारे आलबेल! ते सापडले एका बाईंना, आणि तेही सूत्रावरून नव्हे. छापलेला कागद पाहत असता त्या म्हणाल्या, “ही पोर गणितात क-२? शक्य नाही. हिला मी ओळखते.” एवढ्या एका वाक्यावरून तीस मुलांचा निकाल वाचला. आकडे बरोबर आहेत की नाहीत हे ओळखायला मूल ओळखीचे असावे लागते, हे मला तेव्हा प्रथम उमगले.

आता माहिती जाते कोठे ते पाहू. शाळेतून केंद्राकडे, केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तेथून पुण्याला आणि पुढे दिल्लीला. याला कारणेही आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली, तेव्हा कागदावरची पुष्कळ मुले वर्गात नव्हती. त्यामुळे प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असली पाहिजे हा आग्रह रास्तच म्हणायचा. २०१५ मध्ये ‘सरल’ नावाची संगणकीय प्रणाली आली. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक सारे तीत भरले जाऊ लागले. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात, म्हणून त्या दिवसांत शाळाशाळांतून रात्री दिवे जळतात. २०१८ मध्ये आपला जिल्हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत घेतला गेला. तेव्हापासून आपल्या शाळांचे आकडे अधिकच बारकाईने पाहिले जाऊ लागले. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हाही फाईलींतील मथळे बदलत शिक्षक मंडळी बसली होती.

हे सारे वर जाणे झाले. माझ्या मनात प्रश्न येतो तो आडव्या जाण्याचा. पाचवीच्या बाईंना त्या मुलाविषयी जे कळले, ते सहावीच्या सरांना कळते का? या गावच्या शाळेला जे ठाऊक आहे, ते मूल ज्या परगावी जाते तेथल्या शाळेला कळते का? हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तो मागच्या वर्षीच्या एका कोऱ्या रकान्याने घातला.

आपला वाशी, भूम, कळंब, परंडा हा भाग ऊसतोडीला जाणारांचा. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर गावात येतो, पत्रा, भांडी, शेळी आणि लेकरे त्यात चढतात आणि गाव निम्मे होते. काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात, काही ठिकाणी त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालते. पण ज्या घरात तान्हे मूल आहे, तेथे त्याला सांभाळायला थोरली बहीण बरोबर जाते. आत्याच्या वर्गातली एक मुलगी अशीच गेली. पहिल्या सत्राच्या परीक्षेला आठ दिवस उरले होते.

ती मार्चअखेर परत आली. एप्रिलची परीक्षा तिने दिली आणि चांगली दिली. आम्ही निकाल भरायला बसलो तेव्हा पहिल्या सत्राच्या तिच्या ओळीत आकारिकचे आकडे होते आणि संकलितचे सारे रकाने कोरे. गणितात आकारिक ५० पैकी ३१. सूत्राने काय करावे? ३१ मध्ये काहीच नाही मिळवून ३१ आणले आणि पुढे छापले, इ-१. संगणकाला कोरा रकाना आणि शून्य यांत बेरजेपुरता फरक नसतो. वस्तुतः जेवढे तिने दिले होते, त्यात तिचे प्रमाण शेकडा ६२, म्हणजे ब-२ मधले. अशी लेखी परीक्षेच्या विषयांत तिच्या नावापुढे इ-१, इ-२ यांची रांग लागली होती.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? एक सत्र तर आहे! पण तिचे वडील निकालाची वाट पाहत होते. त्यांनी आधीच आत्याला सांगून ठेवले होते, “बाई, यंदा पोरगी कशात बसती ते बघतो. येत नसलं काही, तर पुढच्या साली शाळेत नाव ठेवून तरी काय करायचं? धाकट्याला बघंल आन् चार मोळ्या बांधंल.” त्या घरात दुसरे कोणी वाचणारे नाही. श्रेणीच्या अक्षरापलीकडे ते काही पाहणार नव्हते. आणि तसेही २०२३ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आली आहे. ‘पाचवीला मागे ठेवतात’ ही धास्ती गावोगाव पसरली आहे. अशा वेळी इ-१ हे अक्षर म्हणजे त्या मुलीच्या शाळेवर मारलेली फुली ठरली असती.

मुख्याध्यापक वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांना संध्याकाळपर्यंत केंद्रावर फाईल द्यायची होती. ते म्हणाले, “बाई, शून्य टाका आणि मोकळ्या व्हा.”

आत्या म्हणाली, “सर, शून्य म्हणजे लेकरानं पेपर दिला आन् त्याला काहीच आलं नाही. हिनं तर पेपरच दिला नाही. या दोन गोष्टी एक कशा?”

“मग सर्वांना पंचवीस-पंचवीस टाका. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय ना!”

मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मर्म या दोन वाक्यांत आहे. कोऱ्या रकान्यात शून्य घालणे हा अन्याय होता आणि दयेपोटी पंचवीस घालणे ही खोटी साक्ष होती. पहिल्याने मुलीचे नुकसान, दुसऱ्याने निकाल या वस्तूवरचा साऱ्यांचा विश्वास जाणार. आज चांगल्या मनाने पंचवीस भरले, तर उद्या वाईट मनाने भरलेले पंचवीस कोण ओळखणार? रकाना कोरा होता, कारण त्या दिवशी मुलगी तेथे नव्हती. ती कोठे होती आणि तेथे काय शिकली, हे कोणाला तरी विचारायला हवे होते.

आत्याने विचारले. गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते. ते दाखवले की जेथे मूल जाईल तेथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. मुलीच्या दप्तरात ते घडी पडलेले कार्ड होते. त्यावर सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेचे नाव आणि तेथल्या बाईंनी पेनाने लिहिलेला फोन नंबर. आत्याने फोन लावला. पलीकडच्या बाई क्षणभर आठवत राहिल्या आणि मग हसून म्हणाल्या, “अहो ताई, ती होय! ती माझी तोंडी हिशेबाची पोरगी. गाडीत किती मोळ्या, टनाला किती पैसे, बापाचा हिशेब तीच करायची. भावाला कडेवर घेऊन वर्गात बसायची. थांबा, माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

अर्ध्या तासात आत्याच्या फोनवर वहीच्या दोन पानांचे फोटो आले. तारखा, हजेरीचे दिवस, मराठीचा कोणता धडा वाचला, भागाकार कधी जमला, चाचणीत काय मिळाले, सारे निळ्या शाईत. दोन जिल्ह्यांच्या दोन बाया; एकमेकींना कधी पाहिलेले नाही, पुढेही बहुधा पाहणार नाहीत. पण एका मुलीचे पाच महिने त्यांनी एकमेकींच्या ओंजळीत दिले.

या नोंदींचे आम्ही काय केले? पहिल्या सत्राच्या संकलितमध्ये त्या भरल्या नाहीत, कारण त्या त्या परीक्षेच्या नव्हत्या. मी सूत्रात एक साधी अट घातली. रकाना कोरा असेल तर बेरीज करू नकोस, श्रेणीच्या जागी आडवी रेघ काढ. दुसऱ्या सत्राच्या आकारिकमध्ये त्या बाईंच्या नोंदी धरल्या. आणि वर्णनात्मक नोंदींत आत्याने लिहिले, “दिवाळीपूर्वी स्थलांतर, पहिल्या सत्राची परीक्षा देता आली नाही. परगावच्या शाळेत नियमित हजर. तोंडी गणित उत्तम. लेखी मांडणीचा सराव हवा.” मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले आणि सही केली. १ मे रोजी आत्याने ते पुस्तक मुलीच्या वडिलांना स्वतः वाचून दाखवले. ‘तोंडी गणित उत्तम’ ऐकल्यावर ते म्हणाले, “ते तर हाय. मुकादमाची चूक तिनंच काढली व्हती.” मुलगी सहावीत गेली.

फाईली इकडून तिकडे जाव्यात असे मी म्हणते, तेव्हा त्या कोणाच्याही हाती जाव्यात असे मात्र मला म्हणायचे नाही. पूर्वी दाखल-खारीज रजिस्टर कपाटात असे आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. आज तीच माहिती, म्हणजे जात, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते, शंभर माणसांच्या गटावर एका बोटाने जाऊन पडते. तालुक्याच्या गावी एका झेरॉक्स दुकानात मी छपाईसाठी गेले, तर तेथल्या संगणकाच्या पडद्यावर निरनिराळ्या शाळांच्या निकालांच्या फाईली उघड्यावर पडलेल्या. छपाई झाली, पेनड्राइव्ह खिशात गेला, फाईल तेथेच राहिली! २०२३ मध्ये व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला असून त्यात मुलांच्या माहितीचा वेगळा विचार आहे. पण कायद्याच्या आधी शहाणपण हवे. सांगलीच्या बाईंना आत्याने मुलीचे नाव आणि इयत्ता एवढेच सांगितले होते, आणि त्यांनीही तिच्या शिकण्यापुरतेच पाठवले. जेवढे लागते तेवढेच, ज्याला लागते त्यालाच, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

दुसरी काळजी टिकण्याची. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळची शाळांची रजिस्टरे, काही उर्दूत तर काही मोडीत, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाडाभर कपाटांतून बाहेर काढली गेली, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहेच. कोणा गुरुजींनी बोरूने लिहिलेला एक शब्द इतक्या वर्षांनी नातवंडा-पणतवंडांच्या कामी आला. आमच्या शाळेत मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या निकालांची एक सीडी आहे. ती मोठ्या प्रयासाने उघडली, तर मुलांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! त्या काळी मराठीचे वळण इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असे. तो टंक संगणकात नसला की अक्षरे हरवतात. आता युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून हा धोका कमी झाला. तरीही आम्ही वर्षाअखेर निकालाची एक छापील प्रत शिवून कपाटात ठेवतो. कागदाला वाळवी लागते खरी, पण तो उघडायला कोणाचा परवलीचा शब्द लागत नाही.

मित्रमैत्रिणींनो, माहितीचे युग आले, असे व्याख्यानांतून आपण नेहमी ऐकतो. वर पाठवायच्या माहितीसाठी आदेश असतात, मुदती असतात, उशीर झाला तर नोटिसा असतात. आडवी जाणारी माहिती मात्र अजून कोणाच्या तरी भलेपणावर चालते. एका बाईंनी कार्डावर फोन नंबर लिहिला नसता, दुसरीने तो लावला नसता, तर काय झाले असते? प्रत्येक फाईलीत ‘हे मूल या काळात कोठे होते आणि तेथे काय शिकले’ असा एक रकाना असावा आणि तो तेथल्या शिक्षकानेच भरावा, एवढी साधी मागणी माझ्यासारख्या विद्यार्थिनीने केली तर ती मोठी म्हणू नये. आपल्यापैकी जे शिक्षक होतील, त्यांनी तरी कोऱ्या रकान्यात काही घालण्यापूर्वी एक फोन लावावा.

ती मुलगी यंदाही दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी सहावीच्या सरांनी आत्याकडून सांगलीच्या बाईंचा नंबर घेतला आणि तिच्या नोंदींचे पान पुढे पाठवून दिले. ट्रॅक्टर पोचण्यापूर्वीच बाईंचा निरोप आला, “पाठवा. जागा ठेवली आहे. धाकट्याला पण आणू द्या.”